जपानी न येणारं माणूस

पहिल्या भेटीत आम्ही भांडलो, आणि तेही मुळ्याच्या पाल्यावरून. इथे न्यूझीलंडमध्ये अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात पाल्यासकट मुळा मिळतो, पण जरा उशीर झाला की विक्रेते पाला पिरगळून टाकून देतात. त्या दिवशी पाल्याची एकच जुडी उरली होती. तिच्यावर माझा हात पडला आणि त्याच वेळी दुसरा एक हात पडला. हात सुरकुतलेला होता, पण पकड चांगली घट्ट. मला पीठ पेरून भाजी करायची होती. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या जपानी बाईंना तो पाला मीठ लावून, पिळून भातावर घ्यायचा होता.

"तू या देशात यायच्या आधीपासून मी या बाजारात येतेय," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही आत्तापर्यंत पुष्कळ पाला खाल्ला असेल," मी म्हणाले. माझी जीभ पुण्याची आहे, तिला समोरच्याचं वय ध्यानात यायला जरा वेळ लागतो.

त्या खळखळून हसल्या. आम्ही जुडी अर्धी अर्धी केली आणि घरी निघालो, तर दोघींची वाट एकच. आम्ही नुकतंच घेतलेलं घर त्यांच्या घराला लागून होतं. मध्ये एक लाकडी कुंपण होतं आणि त्यावरून आमच्या अंगणात झुकलेलं त्यांचं पर्सिमनचं झाड. त्याची नारिंगी फळं लांबून टोमॅटोच वाटायची. आमची दोघींची सामाईक भाषा इंग्रजी, तीही दोघींची आपापल्या परीने वाकडी. इथे मी ते सगळं बोलणं मराठीत लिहिते आहे.

त्या लेखिका आहेत हे कळायला मला बरेच महिने लागले. रस्त्यावर कुणालाच ते ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, म्हणजे इथल्या भाषेत डेअरीवाल्याला, त्या निवृत्त शिक्षिका वाटायच्या. एकदा त्यांचा डबा परत द्यायला गेले तर बैठकीच्या खोलीत एक अख्खी भिंत पुस्तकांची दिसली.

"एवढी सगळी वाचलीत?" मी विचारलं.

"वाचली नाहीत. लिहिली."

मी दारातच उभी राहिले. मीही मराठीत थोडंफार लिहिते, दोन-तीन दिवाळी अंकांत नाव येतं, आणि तेवढ्यावर माझी मान बऱ्यापैकी ताठ असायची. ती त्या दिवशी खाली आली. मी लिहिते हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "या रस्त्यावर तुझं कोण वाचतं?" मी म्हणाले, "कुणीच नाही." "माझंही," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. आमची मैत्री खरी तिथे सुरू झाली.

पुढे तुकड्यातुकड्यांनी त्यांची सगळी हकिगत मला कळली. जपानच्या एका लहानशा बंदरगावात त्या मासळीच्या कचेरीत कारकून होत्या. जेवणाच्या सुट्टीत कथा लिहायच्या. पहिली कथा छापून आली तेव्हा वडिलांनी अबोला धरला, कारण कथेतल्या बापाला त्यांच्यासारखीच घसा खाकरायची सवय होती. मग टोकियो. तिथे वर्तमानपत्रात रोज एक भाग, म्हणजे रोज सकाळी उठून लाखो लोकांच्या न्याहारीला पुरेल एवढं ताजं काहीतरी लिहायचं. मोठे समीक्षक त्यांच्या कादंबऱ्यांना "स्वयंपाकघरातल्या" म्हणायचे. त्याचा त्यांना इतका राग आला की पुढची अख्खी कादंबरी त्यांनी एकाच स्वयंपाकघरात घडवली, एकाही पात्राला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. हे सांगताना त्यांचे डोळे असे चमकायचे की समीक्षक समोर असता तर त्याची खैर नव्हती.

न्यूझीलंडला त्या एक कादंबरी शांतपणे पुरी करायला तीन महिन्यांसाठी आल्या. भाड्याच्या खोलीतलं टेबल डुगडुगत होतं. ते दुरुस्त करायला घरमालकाचा भाऊ आला, शाळेत सुतारकाम शिकवणारा. "टेबल अजून डुगडुगतं," त्या मला दाखवायच्या, "पण माणूस चांगला निघाला." त्या राहिल्याच. टोकियोत लोकांना वाटलं, संपली ही. लांब गेलेल्या माणसाला विसरायला कितीसा वेळ लागतो? पुढे बरीच वर्षं त्यांची जुनी पुस्तकं कुणी पुन्हा छापली नाहीत, नव्यांबद्दल कुणी चार ओळी लिहिल्या नाहीत. त्या लिहीत राहिल्या. हस्तलिखितं आधी विमानाच्या टपालाने गेली, मग फॅक्सने, मग ईमेलने. आणि म्हातारपणी अचानक तिकडच्या तरुण मुलींना ती स्वयंपाकघराची कादंबरी सापडली. नव्या आवृत्त्या निघाल्या. टोकियोहून मुलाखती घ्यायला माणसं आली, त्यांनी पर्सिमनच्या झाडाचे ढीगभर फोटो काढले आणि गेली.

हे सगळं मी ऐकून घ्यायचे, पण त्यांची एक ओळ मला वाचता येत नव्हती. इंग्रजीत त्यांचं एकच पुस्तक आलं होतं, तेही कधीच बाजारातून नाहीसं झालेलं. शेजारी अख्ख्या भिंतीभर कादंबऱ्या, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून चहा पिणार. वाचणाऱ्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

त्यांच्या कामाची एक रीत होती. ती मला त्यांचे पती गेल्यानंतर कळली. मुळ्याच्या भांडणानंतर दोनेक वर्षांनी ते वारले, आणि त्यानंतर कितीतरी महिने त्यांनी पेन्सिल हातात धरली नाही. मग एक दिवस कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "मला जपानी न येणारं माणूस हवं आहे."

मला वाटलं, काहीतरी भाषांतराचं काम असेल. पण नाही. लग्न झाल्यापासून त्या प्रत्येक प्रकरण लिहून झालं की नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायच्या. नवऱ्याला जपानीचा एक शब्द कळायचा नाही आणि त्याने तो शिकू नये अशी त्यांची सक्त ताकीद होती. तो समोर बसून एखादा लाकडाचा तुकडा पॉलिशपेपरने घासत बसायचा. जिथे घासणं थांबायचं तिथे त्या खूश. जिथे घासणं जोरात सुरू व्हायचं तिथे समजायचं की गडी कंटाळला. तेवढा भाग पुन्हा लिहायचा, नाहीतर काढून टाकायचा. ज्याला अर्थ कळतो त्याला गोष्टीची ओढ लागते, तो वाईट वाक्यसुद्धा पुढे काय होतं म्हणून सहन करतो, असं त्यांचं म्हणणं. अर्थ न कळणाऱ्याला फसवता येत नाही. या नियमाला त्यांनी कधी अपवाद केला नव्हता. ऐकणारा जिथे निसटला तो भाग तसाच्या तसा कधी छापून गेला नाही.

"मला काय जमणार?" मी म्हणाले.

"तुला जपानी येतं का?"

"नाही."

"मग जमेल."

मी पापाटोएटोला औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. शनिवारी काम, म्हणून मंगळवारी सुट्टी. तेव्हापासून मंगळवारची दुपार त्यांची झाली. मी मेथीची जुडी नाहीतर वाटाण्याच्या शेंगा घेऊन जायचे. त्या डुगडुगत्या टेबलापाशी बसून वाचायच्या. कागद आपल्या पोरांच्या गणिताच्या वहीसारखा चौकटींचा, एका चौकटीत एक अक्षर, ओळी वरून खाली. वाचून झालेलं पान उलटं करून टेबलावर ठेवायचं, त्यावर पुढचं. संपलं की चष्मा काढून विचारायच्या, "कुठे?" म्हणजे मन कुठे भटकलं. मी त्या गठ्ठ्याच्या कडेला बोट घालून दाखवायचे, साधारण इथे, तुमचा आवाज खाली गेला तिथे मला लेकीचे पोहण्याचे कपडे धुवायचे राहिलेत हे आठवलं. त्या ते पान काढून पेन्सिलीने खूण करायच्या. कधी वाद घातला नाही. एकदा मी दाखवलेलं अख्खं प्रकरण त्यांनी टाकून दिलं आणि वर मला पर्सिमनची पिशवी दिली.

मला ते आवडायचं, अगदी मनापासून आवडायचं. त्यांच्या आवाजात माणसं बोलायची, भांडायची, कुणीतरी हळू काहीतरी मागायचं, कुणीतरी नाही म्हणायचं. कोण, काय, ते मला ठाऊक नव्हतं. पण मी मेथी निवडता निवडता थांबायचे.

एका मंगळवारी त्यांनी सांगितलं की ही कादंबरी शेवटची. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. डोळ्यात इंजेक्शनं चालू होती, पण समोरच्या वस्तूचा नेमका मधला भाग नाहीसा व्हायला लागला होता. कागदावरच्या चौकटी त्यांनी मोठ्या करून घेतल्या होत्या, पेन्सिल जाऊन जाड काळं मार्कर आलं होतं. त्यांचा हिशेब साधा होता. दिसतंय तोवर हे पुस्तक लिहून, वाचून, नीट करून पाठवायचं. अर्धवट गेलेलं त्यांना चालणार नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाकडून सांगून लिहून घेणं तर त्यांना मान्यच नव्हतं. टोकियोचे संपादक थांबायला तयार होते. डोळे थांबणार नव्हते.

आता यावर कुठल्याही शहाण्या माणसाने निमूटपणे मेथी निवडत बसायला हवं होतं. मी जपानी शिकायला लागले. शेवटचं पुस्तक, आणि मला त्यातलं अक्षर कळू नये? पापाटोएटोला जाता-येता गाडीत मी फोनवर शिकायचे. वर्षभर मुकाट्याने शिकले. एक दिवस तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलेन आणि तुम्ही चकित व्हाल, असे मांडे मी मनात भाजत होते.

मग तो मंगळवार आला. त्या वाचत होत्या. एक म्हातारा लोणच्याची बरणी लपवून ठेवतो आणि मग कुठे लपवली तेच विसरतो, असं काहीतरी चाललं होतं. मला ते कळलं आणि मी फिसकन हसले, अगदी जिथे हसायचं तिथेच.

त्या थांबल्या. पान खाली ठेवलं.

मी छाती पुढे काढून पाठ केलेलं वाक्य जपानीत म्हटलं, की तुमच्या कादंबऱ्या वाचता याव्यात म्हणून मी तुमची भाषा शिकते आहे. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळी पानं गोळा केली, कडा टेबलावर आपटून सरळ केल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी येऊ नकोस."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी काय चोरी केली होती? कुणासाठी एवढं करावं आणि त्याने दार दाखवावं? मी घरी येऊन नवऱ्यासमोर तासभर तणतणले. तो म्हणाला, "अगं, त्यांनी माणूसच जपानी न येणारं मागितलं होतं ना?" नवऱ्यांना अशा वेळी नेमकं बरोबर बोलायची वाईट खोड असते. तरी मी दोन दिवसांनी शेवयांच्या खिरीचा डबा कुंपणावरून दिला. इतकी वर्षं आमच्यात डबा कधी रिकामा परत गेला नव्हता. आपल्याकडे भांडं रिकामं देत नाहीत, आणि त्यांच्याकडेही देत नाहीत. या वेळी डबा घासूनपुसून, लखलखीत, रिकामा आला. मी तो फळीवर मागे सारून ठेवला आणि महिनाभर कुंपणाकडे बघितलंही नाही.

त्याच सुमाराला पुण्याहून माझी आई आली. चार-पाच महिने राहणार होती. आईला इंग्रजी येत नाही, आणि त्यामुळे तिचं काही अडतही नाही. नातीशी ती मराठीत बोलते, नात इंग्रजीत उत्तर देते, दोघी खूश. आल्याच्या आठवड्यात, मंगळवारी मी बाजारहाटाला गेले असताना ती रव्याचे लाडू घेऊन शेजारी गेली. मी घरी आले तेव्हा ती न्हाणीघरातून हातपाय धुऊन बाहेर येत होती.

"पुढच्या मंगळवारी मला डोक्यावरून अंघोळ करायला हवी," ती म्हणाली. "शेजारच्या बाईंकडे पोथी सुरू आहे."

"कसली पोथी?"

"ते मला काय माहीत? त्यांची असेल कुठली तरी. मी गेले तर एकट्याच रिकाम्या खुर्चीकडे बघून वाचत होत्या. मला बसा म्हणाल्या हातानेच. काय सुरेख वाचतात गं! पानं उलटी मांडतात, बोटाने ओळ धरतात. दोन अध्याय झाले."

मी तिला सांगितलं की ती पोथी नाही, कादंबरी आहे, बाई लेखिका आहेत. आईने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "म्हातारं माणूस एवढं मन लावून वाचतंय आणि समोर कुणी बसायला नाही. कादंबरी तर कादंबरी. अर्धवट सोडायची नसते."

मग दर मंगळवारी आई लुगडं नेसून, केसांत फूल माळून कुंपणापलीकडे जायला लागली. हातात मेथीबिथी काही नाही, पोथीला बसल्यावर निवडणं-टिपणं कसलं? मांडीवर हात जोडून बसायची. अध्याय संपला की ती पानांच्या गठ्ठ्याला हळद-कुंकू वाहायची आणि शिऱ्याचा प्रसाद दोघींत वाटायची. मी खिडकीतून बघायचे आणि जळायचे. हो, मी स्वतःच्या आईवर जळत होते.

आईची एक गंमत होती. पोथी ऐकताना तिला डुलकी लागते, जन्मभर लागत आली आहे. पोथी रंगात आली तर आई टक्क जागी असते, आणि कथेकरी भरकटला की तिची मान पडते. लेखिकाबाईंना असा श्रोता सात जन्मांत मिळाला नसता. त्यांना "कुठे?" विचारावंच लागेना. मान पडली की खूण. आई गेल्यावर त्या तेवढा भाग काढायच्या. कुंपणावरून त्यांनीच एक दिवस मला हे सांगितलं, अबोला सुटला तो असा. "तुझ्या आईने माझं एक अख्खं लग्न झोपेत मोडलं," त्या म्हणाल्या, "आणि बरोबर मोडलं." त्या दिवशी रिकाम्या डब्याची त्यांनी माफी मागितली नाही, मीही भाषेची मागितली नाही. मी लाडूंचा डबा दिला, तो संध्याकाळी आल्याच्या लोणच्याने भरून आला.

पण कादंबरी संपायच्या आत आईचे महिने संपले. शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं आणि डोळे आणखी बिघडले होते. एका ओळीला आता एक सकाळ लागत होती. आईने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर ऐकते म्हणून सांगितलं, पण त्यांनी मान हलवली. पडद्यावरच्या माणसाला वाचून दाखवणं त्यांना जमेना. आईने मग मला झापलं, "पोथी शेवटच्या अध्यायावर ठेवू नये. तू जाऊन बैस."

"त्यांनी मला येऊ नको म्हटलंय, आई."

"मग पुन्हा बोलावतील. दुसरं कोण आहे त्यांना?"

बोलावलं. मार्करने लिहिलेली ती पानं पुरी झाली तेव्हा एका सोमवारी संध्याकाळी त्या कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "उद्या ये. मेथी घेऊन ये. आणि कळलं तर दाखवू नकोस."

मी गेले. भीती वाटत होती. न कळणारे कान मी केव्हाच घालवून बसले होते. त्या वाचत होत्या, कागद नाकाशी धरून, मध्येच अडखळून, पुन्हा मागे जाऊन. मी मेथीच्या पानांकडे बघत बसले आणि कळू नये म्हणून मनातल्या मनात औषधांची नावं म्हणून बघितली, पण थोड्याच वेळात ती विसरले. माझे हात थांबले होते. जेवढं कळत होतं तेवढं कळत होतं, बाकीचं नुसतं ऐकू येत होतं, आणि दोन्ही सारखंच चांगलं होतं. एक म्हातारी बाई स्वयंपाकघराचं दार पहिल्यांदा उघडून बाहेर येते. आयुष्यभराचं सगळं त्यांनी तिथे आणून ठेवलं होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आणि मग शेवटच्या पानावर मी निसटले. आवाज तोच होता. पण अचानक मला लेकीला शाळेतून आणायची वेळ आठवली, मग घरातलं दूध संपल्याचं. भानावर आले तेव्हा त्या चष्मा काढत होत्या.

"कुठे?"

मी गठ्ठ्याकडे बघितलं. डाव्या डोळ्याला त्यांना जवळजवळ काही दिसत नव्हतं. ते एक पान पुन्हा लिहायचं म्हणजे आणखी किती सकाळी, आणि तेवढं दिसेल की नाही कुणास ठाऊक. "कुठेच नाही" एवढं म्हटलं असतं की पुस्तक पुरं होतं. उद्याच्या उद्या टोकियोला गेलं असतं, त्या सुटल्या असत्या, आणि मला जपानी येतं म्हणून माझ्या शब्दावर आधीच त्यांचा अर्धाच भरवसा होता. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. पण इतक्या वर्षांत त्या टेबलाशी कुणी खोटं बोललं नव्हतं, ना नवरा, ना माझी आई. मी बोट ठेवलं. सगळ्यात वरचं, शेवटचं पान.

 त्यांनी पान उचललं, डोळ्यांशी धरलं, खाली ठेवलं. मी घाबरून बडबडायला लागले, की मी दमले होते, कामाचा आठवडा होता, माझं चुकलं असेल, ते पान राहू द्या.

"तुझं चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "तिथे मी तुला वाचून दाखवत नव्हते."

मग त्यांनी सांगितलं. इतक्या कादंबऱ्या लिहिल्या, पण नवऱ्याला त्यांनी एकाही पुस्तकात आणलं नव्हतं. तो चिडवायचा, मला घाल की गं एकदा, मला कुठे कळणार आहे? त्या नाही म्हणायच्या. ऐकणाऱ्याला गोष्टीत घालायचं नसतं असा त्यांचा आणखी एक नियम होता. आता तो नव्हता. म्हणून शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांनी त्याला आणलं होतं, हातात पॉलिशपेपर घेतलेला, दाराबाहेर बसलेला. एवढं एकच पान.

"राहू द्या ना ते," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं. "तुमचं पुस्तक आहे. एक पान तुमच्यासाठी ठेवलंत तर कोण विचारणार आहे?"

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "पण ते पुस्तकाचं पान नाही. तू बघितलंस ना."

कादंबरी एक पान आधीच संपली, बाई दार उघडून बाहेर येते तिथेच. मी ती पानं स्कॅन करून टोकियोला पाठवली. दोन दिवसांत संपादकांचं उत्तर आलं. ते मी अडखळत त्यांना वाचून दाखवलं आणि त्यांनी माझे उच्चार दुरुस्त केले. त्या खूश होत्या, अगदी लहान मुलीसारख्या. मीही होते. पण ते एक पान टेबलावर तसंच पडून होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. आम्ही टेकडीवरच्या कब्रस्तानात गेलो, जिथे त्यांच्या नवऱ्याला पुरलं होतं. वारा सुटला होता. मी त्यांचा हात धरून त्यांना गवतातून त्या दगडापर्यंत नेलं. त्यांनी कोटाच्या खिशातून ते पान काढलं, नाकाशी धरलं आणि वाचायला सुरुवात केली.

माझं जपानी आता बरंच सुधारलं आहे. पहिलं वाक्य मला पूर्ण कळलं. दुसरं कळायच्या आत मी वळले आणि भरभर चालत उतारावरून खाली गेले, गाडीच्याही पलीकडे, जिथून त्या नुसत्या दिसत होत्या.